वरच्या मजल्यावरचा यम

"जिवंत माणसाचं तोंड देवाला लावू नकोस," सासूबाई फोनवर म्हणाल्या होत्या. "देव काही बोलणार नाही गं. माणूस बोलेल."

तेव्हा माझे दोन्ही हात मुलीच्या वेणीत होते, फोन कान आणि खांद्याच्या चिमटीत होता आणि एक डोळा गॅसवरच्या दुधावर होता. अशा अवस्थेत बाई कुठल्याही सल्ल्याला "हो हो" म्हणते. मीही म्हटलं. दूध उतू गेलं नाही, वेणी बऱ्यापैकी सरळ आली, आणि त्या आनंदात सासूबाई काय म्हणाल्या ते मी विसरूनही गेले.

सगळं सुरू झालं ते शाळेच्या एका चिठ्ठीमुळे. आमची कन्या दुसरीत. घरात तिला बटण म्हणतात, कारण दीड वर्षाची असताना तिने बापाच्या शर्टाचं बटण गिळलं होतं आणि ते परत येण्याची वाट बघण्यात आम्ही दोघांनी सबंध आठवडा काढला होता. तेव्हापासून मी कुठल्याच गोष्टीची वाट निवांतपणे बघू शकत नाही. तर चिठ्ठीत लिहिलं होतं, 'वाचन सप्ताहानिमित्त प्रत्येक पालकाने आपल्या प्राचीन ग्रंथांतली एक गोष्ट मुलांना समजेल अशा भाषेत, चित्रांसह, हाताने तयार करून आणावी.' 'हाताने' या शब्दाखाली दोन रेघा होत्या. त्या रेघा मारणाऱ्या बाईंना स्वतःला मुलं नसावीत.

वर्गातल्या बहुतेक आयांनी राक्षस घेतले. राक्षसाचं एक बरं असतं, चित्र चुकलं तरी तो राक्षसच दिसतो. पण मी पडले शिकलेली. कॉलेजात तत्त्वज्ञानाच्या पेपरला उपनिषदं होती. त्यात मला एक्केचाळीस मार्क मिळाले होते आणि एक गोष्ट मनापासून आवडली होती, एवढी माझी त्या विषयातली कमाई. मी तीच गोष्ट घ्यायची ठरवली.

गोष्ट तुम्हाला माहीत असेल. बाप यज्ञात म्हाताऱ्या, भाकड गाई दान करतोय. मुलगा ते बघतो आणि विचारतो, बाबा, मला कुणाला देणार? एकदा, दोनदा, तीनदा. बाप वैतागून म्हणतो, जा, यमाला दिलं तुला! आणि मुलगा खरोखरच जातो. यम घरी नसतो. मुलगा त्याच्या दारात तीन रात्री उपाशी बसून राहतो. यम परत येतो आणि दारात अतिथी उपाशी राहिला म्हणून चक्क ओशाळतो. प्रत्येक रात्रीचा एक, असे तीन वर देतो. मुलगा पहिला वर मागतो की बाबांचा राग जाऊ दे. दुसऱ्या वरात यज्ञाची विद्या मागतो. आणि तिसरा, माणूस मेल्यावर काय होतं ते सांगा. इथे यम गडबडतो. म्हणतो, हत्ती घे, घोडे घे, हवं तेवढं आयुष्य घे, हे सोडून काहीही विचार. मुलगा म्हणतो, नाही, हेच सांगा.

यात मला एक गोष्ट कॉलेजात खटकली नव्हती ती आता खटकली. मुलगा तीन दिवस घराबाहेर, उपाशी, आणि त्याच्या आईचा सबंध गोष्टीत एक शब्द नाही. अशी कुठली आई? तेव्हा मी पान चारवर आई घातली. ती दारात पाण्याची बाटली घेऊन उभी आहे आणि हाका मारते आहे. शास्त्राला धरून नाही, मान्य. पण त्याशिवाय मला पुढे लिहिताच येईना.

चित्रांसाठी भाऊजींना धरलं. माझे धाकटे दीर कारखान्यांसाठी सुरक्षेची पोस्टरं काढतात. 'यंत्र चालू असताना हात घालू नये', 'ओल्या फरशीवरून सावकाश' वगैरे. हात चांगला आहे, पण वळण पोस्टरचं. यज्ञाच्या पहिल्याच चित्रात त्यांनी अग्नीपासून दीड मीटरवर पिवळी रेघ मारली आणि भटजींना हातमोजे घातले. रेड्यावर बसलेल्या यमाला हेल्मेट काढलं.

"भाऊजी, यमाला हेल्मेट?"

"वहिनी, वाहन आहे ना ते? मुलं बघतात. मुलं बघून शिकतात."

"अहो, त्याला कसलं भय? तो स्वतःच..."

"तेच तर! त्याने घातलं तर कोण नाही म्हणेल?"

बराच वाद होऊन हेल्मेटाचा मुकुट झाला, पण हनुवटीखालचा पट्टा राहिला तो राहिलाच. दुसरी अडचण अशी की भाऊजींना समोर माणूस बसल्याशिवाय चेहरा जमत नाही. मुलगा म्हणून बटण बसली. बाप म्हणून माझा नवरा बसला, वैताग त्याला वेगळा आणावा लागला नाही. उरला यम. "भारदस्त पाहिजे," भाऊजी म्हणाले. "मिशा पाहिजेत. भुवया अशा की मुलाने बघितल्याबरोबर खोटं बोलायचं विसरावं."

आम्ही दोघांनीही एकाच वेळी वर छताकडे बघितलं.

आमच्या वरच्या मजल्यावर मीटरकाका राहतात. पाणीपुरवठा खात्यात छत्तीस वर्षं मीटर तपासत होते, म्हणून मीटरकाका. सहा फूट उंच, पांढऱ्या गलमिशा, भुवया छपरासारख्या पुढे आलेल्या. बायको वारलेली, मुलगा परदेशी. मी एका विमा कंपनीत दाव्यांचे अर्ज तपासते. दिवसभर दवाखान्याच्या फायली, डॉक्टरांचे शेरे आणि मृत्यूचे दाखले. सुटता सुटता साडेपाच होतात. बटणची शाळा साडेतीनला सुटते. मधले दोन तास ती काकांकडे असते. तिथे ती गृहपाठ करते, काकांच्या जुन्या वहीत पाण्याचे आकडे लिहिते आणि मला बघून "इतक्यात आलीस?" म्हणते. त्या दोन तासांच्या जोरावर माझी नोकरी चालली होती, आणि डोकंही थोडंफार ठिकाणावर होतं. दोनच महिन्यांपूर्वी काकांचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. मुलगा येऊन, सगळं बघून, पुन्हा गेला होता.

आता सांगा, ताज्या ऑपरेशनच्या माणसाला, तेही आपलं पोर सांभाळणाऱ्या माणसाला, "काका, यम म्हणून बसता का?" असं कुठल्या तोंडाने विचारायचं?

मी म्हटलं, "काका, एका राजाचं चित्र काढायचंय."

"राजा?" काकांनी मिशीवरून हात फिरवला. "कसा आहे? चांगला की वाईट?"

"न्यायी आहे."

"राज्य कुठे?"

"दक्षिणेला."

"मोठं आहे?"

"सगळे शेवटी तिथेच जातात, काका."

या बोलण्यात एक अक्षर खोटं नाही, तपासून बघा. यम न्यायी आहे, दक्षिण दिशेचा स्वामी आहे, आणि पुढचं तर सर्वांना ठाऊकच आहे. असे अर्ज माझ्या टेबलावर रोज येतात. प्रत्येक रकाना खरा, आणि अख्खा अर्ज फसवा. मी ते डोळे मिटून फेटाळते.

काका चार रविवार बसले. निवृत्तीच्या समारंभातला कोट घालून, दाढी करून, पाठ ताठ ठेवून. औषधाच्या दुकानात, दूधवाल्याकडे, जिन्यात भेटेल त्याला सांगू लागले, "पुस्तकात राजा होतोय. आमच्या पोरीनं लिहिलंय." आमच्या पोरीनं म्हणजे मी. ते ऐकलं की मी घाईघाईने विषय बदलत असे.

पुस्तक शाळेत गेलं आणि कार्यालयाच्या तावडीत सापडलं. प्रत्येक पुस्तकासोबत एक फॉर्म भरायचा होता. हिंसा आहे काय? भीतीदायक प्रसंग आहेत काय? मृत्यू आहे काय? मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'आहे. पात्र म्हणून.' त्यावर बैठक झाली. समितीने सुचवलं की मुलगा यमाकडे न जाता मामाकडे गेला तर? मी म्हटलं, मामाला विचारून काय कळणार? मग सुचवलं की तिसरा प्रश्न काढून टाकावा. मी म्हटलं, मग राहिलं काय? मग म्हणे रेड्याच्या शिंगांना टोकं नकोत. ती भाऊजींनी आनंदाने गोल करून दिली, ते त्यांच्याच खात्यातलं काम. तीन चकरा, दोन रजा आणि एक शपथपत्र झाल्यावर मुख्याध्यापिकांना पुस्तक एकाएकी इतकं आवडलं की त्यांनी शाळेच्या खर्चाने साठ प्रती छापल्या.

साठ! मला एकच प्रत हवी होती, तीसुद्धा सप्ताह संपला की माळ्यावर टाकायला.

काका रोज विचारत, "आलं का गं पुस्तक?" मी सांगे, बांधणीला आहे. मग सांगितलं, बांधणी सुटली म्हणून परत गेलंय. मग रंग फिका आलाय. तपासनिसाची नोकरी केलेल्या माणसाला मी खोटी कारणं सांगत होते आणि तो "बरं बरं" म्हणत होता. बटणला मी बजावलं होतं की काकांना पुस्तक दाखवायचं नाही, सरप्राइज आहे. ती म्हणाली, "आई, सरप्राइजला तू अशी घाबरतेस का?"

मुलांनी मात्र पहिल्याच दिवशी ओळखलं. शाळा सुटल्यावर आमच्या इमारतीतली पाच मुलं थेट तिसऱ्या मजल्यावर गेली आणि काकांच्या दारात पायऱ्यांवर रांगेत बसली. काकांनी दार उघडलं.

"काय रे?"

"महाराज, आम्ही उपाशी बसलोय," एक म्हणाला. त्याच्या तोंडाला बिस्किटाचा भुगा होता. "वर द्या."

पुस्तकात मुलगा यमाला 'महाराज' म्हणतो, ती माझीच कृपा. त्यामुळे काकांना वाटलं, राजाचा दरबार भरला. ते खुर्ची घेऊन दारात बसले, आणि मग रोजच बसू लागले. एका मुलीने बुटाची नाडी बांधायला शिकवा म्हणून वर मागितला. एकाने विचारलं, नळाला कधीकधी लालसर पाणी का येतं? त्यावर काकांनी तीन दिवस व्याख्यान दिलं. सेक्रेटरींच्या नातवाने मागितलं, "बाबांचा राग जाऊ दे. मी छत्री हरवली." काका कोट चढवून खाली गेले आणि त्याच्या बापाशी अर्धा तास बोलून आले. राग गेला. कसा गेला ते बापही सांगत नाही. आणि एकदा एक मुलगा म्हणाला, "महाराज, माणूस मेल्यावर काय होतं?"

"ते माझ्या खात्यात येत नाही," काका म्हणाले. "दुसरं विचार."

"पुस्तकात पण अस्संच म्हणता तुम्ही!" मुलं खिदळली. मी तेव्हा जिन्यात दोन पिशव्या घेऊन उभी होते. तिथेच बसले.

चार दिवसांनी सेक्रेटरी आले. खुर्चीच्या कडेवर टेकून म्हणाले, "ताई, नातवानं माझ्या वडिलांना सांगितलंय की तिसऱ्या मजल्यावर यम राहतो. वडील आहेत एक्क्याऐंशीचे. काल काका गच्चीची किल्ली विचारायला म्हणून खाली आले, तर वडिलांनी आतून कडी घातली आणि म्हणाले, अजून पेन्शनची कागदपत्रं व्हायचीत, नंतर या."

"मी बोलते त्यांच्याशी."

"कुणाशी? वडिलांशी की यमाशी?"

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली, 'जिन्यात कोणत्याही प्रकारच्या वरासाठी बसू नये.' पहिल्या मजल्यावरच्या बाईंना त्याचा अर्थ कळला नाही. त्यांच्या मुलीचं लग्न ठरत होतं. त्या सेक्रेटरींशी भांडून आल्या.

आता मी दमले होते. हे वाक्य लिहायला सोपं आहे. सकाळी डबे, दिवसभर दाखले, संध्याकाळी जिन्यातल्या मुलांची फौज हाकलणं आणि चोवीस तास एकच धसका की आज काकांना कळणार. आणि कळल्यावर त्या टाक्यांच्या हृदयाचं काय होणार? नवरा म्हणाला, "सांगून टाक ना." नवऱ्यांना सगळं सांगून टाकण्यासारखंच दिसतं. मी म्हटलं, पुढच्या तपासणीचा रिपोर्ट चांगला आला की सांगेन.

आणि तपासणीच्या दिवशीच फोन आला. मी ऑफिसात होते.

"पुस्तकवाल्या मॅडम का? मी हार्टच्या दवाखान्यातून रिसेप्शनिस्ट बोलतेय. शाळेकडून तुमचा नंबर घेतला. मॅडम, तुमचं पुस्तक आमच्या वेटिंग रूममध्ये आहे."

"तुमच्याकडे? कसं?"

"शाळेनं पाठवलं. पेशंटबरोबर मुलं येतात, त्यांना वाचायला. मॅडम, इकडे काय झालंय! एक आजोबा ते वाचत होते. यमाच्या पानावर होते. तेवढ्यात दार उघडलं आणि तो आत आला."

"कोण?"

"यम! तोच कोट, त्याच मिशा. आला आणि आजोबांच्या शेजारी बसला. वर म्हणतो, 'किती नंबर तुमचा?'"

मी डोळे मिटले.

"आजोबा चप्पल टाकून पळाले मॅडम. दुसऱ्या एका बाईंचं ब्लडप्रेशर एवढं चढलं की डॉक्टरांनी मशीन बदलून बघितलं. तिसरे म्हणाले, माझा नंबर त्यांना द्या, मला मुळीच घाई नाही."

"आणि ते? ते कुठे आहेत?"

"त्यांनी ते पुस्तक उचललं. चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग उठले आणि काही न बोलता निघून गेले. तपासणी नाही, काही नाही. फाइलपण इथेच राहिली."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, दवाखान्यात जाऊन फाइल घेतली आणि घरी धावले. काकांचं दार बंद. बेल वाजवली. पुन्हा वाजवली. आत काही हालचाल नाही. हृदय त्यांचं, पण धडधडायला लागलं माझं. मी दारातल्या पत्रांच्या फटीतून हाक मारली. मग तिथेच पायरीवर बसले आणि त्या फटीत तोंड घालून बोलायला लागले. काका, चुकलं. काका, खोटं नव्हतं बोलले, पण खरंही नव्हतं. काका, तुमच्यापेक्षा भारदस्त माणूस मला माहीत नाही हो. असं मी पत्राच्या फटीला बराच वेळ सांगत होते.

लोक जमले. सेक्रेटरी म्हणाले, दार तोडू. पहिल्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, आधी पाणी प्या. सासूबाईंना कुणी कळवलं कोण जाणे, त्यांचा फोन आला. गुडघ्यांमुळे त्या जिने चढत नाहीत, पण त्यांचा आवाज सगळे मजले चढतो. "मी बोलले होते," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. साडेतीनला बटण शाळेतून आली, सगळी गर्दी बघितली आणि म्हणाली, "काका घरी नाहीयेत. त्यांची छत्री कुठंय?"

खरंच, दाराशेजारच्या खुंटीवर छत्री नव्हती. एवढी शिकलेली मी, दिवसभर लोकांचे पुरावे तपासणारी, दीड तास रिकाम्या घराची माफी मागत होते.

तेवढ्यात जिन्यातून काठी आपटल्यासारखा छत्रीचा आवाज आला. काका एकेक पायरी थांबत थांबत वर आले. चेहरा पांढरा पडलेला. गर्दी आपोआप बाजूला झाली.

"काका, कुठे होतात?"

"तुमच्या ऑफिसात, मॅडम."

मॅडम. सहा वर्षांत काकांनी मला 'अगं'शिवाय हाक मारली नव्हती. थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं.

"तक्रार समोरासमोर करावी, अशी आमच्या खात्यात पद्धत होती," काका म्हणाले. "म्हणून आलो. तर तुम्ही नव्हता. दीड तास बाकावर बसलो. तुमच्या ऑफिसात कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही."

"काका, मला माफ..."

"यमाबद्दल माझी तक्रार नाही. अधिकारी चांगला आहे. दारात बसलेल्या माणसापुढे घरी नसल्याबद्दल ओशाळणारा अधिकारी मी छत्तीस वर्षांत पाहिला नाही. हनुवटीचा पट्टा तेवढा चुकीचा आहे." त्यांनी श्वास घेतला. "पण मला राजा म्हणून बसवलंत. मी लोकांना सांगत फिरलो. सगळ्यांना ठाऊक होतं, मलाच नव्हतं. हे बरं नाही केलंत."

माझं बोलण्यासारखं सगळं फटीतून आत टाकून झालं होतं.

"तर आता दीड तास उपाशी बसलोय तुमच्या दारात," काका म्हणाले. "पान नऊप्रमाणे मला वर लागतात."

सेक्रेटरी हसले. काका हसले नाहीत. मग सेक्रेटरीही थांबले.

"एक. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर माझं नाव छापायचं. पूर्ण नाव, पत्त्यासकट. 'यमाचा चेहरा यांचा' असं स्पष्ट. लपवाछपवी नको."

"छापते."

"दोन. खालच्या फळ्यावरची सूचना काढायची."

सेक्रेटरींनी घसा खाकरला. "वडिलांचं काय करू?"

"त्यांना मी भेटतो."

"नको, नको! काढतो सूचना."

"तीन." काकांनी माझ्या हातातल्या फायलीकडे बोट केलं. "ही माझी ना? तुम्ही अशा दिवसाला पन्नास वाचता. मला सगळे सांगतात, ठीक आहे, ठीक आहे. डॉक्टर तेच, मुलगा तेच. चालताना मला तसं वाटत नाही. ही वाचा आणि काय आहे ते सांगा."

लोक हळूहळू खाली गेले. पहिल्या मजल्यावरच्या बाई बटणला हाताला धरून घेऊन गेल्या. काका आत जाऊन खुर्चीत बसले, मी समोर स्टुलावर. फाइल उघडली. पाहिजे ते पान सापडायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही, हाताला सवय आहे. शेवटच्या पानावर डॉक्टरांच्या अक्षरात होतं, 'नातेवाइकांना कल्पना दिली आहे. रुग्णास सांगितलेले नाही.'

मी फाइल मिटली.

"काका, मी रोज संध्याकाळी तुमचा डबा करत जाईन," मी म्हटलं. "बटणला सुटीतही पाठवीन. भाऊजींकडून तुमचं वेगळं मोठं चित्र करून घेते, खऱ्या राजाचं, सिंहासनावर. खालच्या मजल्यावर तुम्हाला जागा मिळते का बघते..."

"पान अकरा," काका म्हणाले.

पान अकरावर हत्ती-घोडे आहेत. ते माझ्याच शब्दांत, मोठ्या टायपात आहे, दुसरीतल्या मुलांनाही कळेल असं. माझ्या मनात एक मुलगी होती, तिचे दोन तास होते, आणि एक वाक्य चुकलं तर हा माणूस इथेच खुर्चीत कोसळेल अशी भीती होती. आणि दुसऱ्यांदा त्यांच्याशी खरे-खरे रकाने भरून खोटं बोलायची सोयही होती. फार सोपं होतं ते.

मी सांगितलं. हृदय ज्या जोराने चालायला हवं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याने चालतंय. पुन्हा ऑपरेशन होणार नाही. जिने चढू नयेत. एकट्याने राहू नये. मुलाला हे सगळं माहीत आहे.

काकांनी खिडकीतला गोळ्यांचा डबा उचलला आणि पुन्हा जागेवर ठेवला.

"म्हणजे लाइन चालू आहे," ते म्हणाले. "दाब कमी आहे."

"हो."

"किती दिवस ते लिहिलंय?"

"ते फायलीत लिहीत नाहीत, काका."

"आम्हीही नव्हतो लिहीत." त्यांनी चष्मा काढून कोटाच्या बाहीला पुसला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, रडतेस काय? पोरगी खाली वाट बघत असेल. जा. आणि उद्या तिला वेळेवर पाठव, कालची आकड्यांची बेरीज चुकली आहे तिची."

पुढचे तीन आठवडे मी साठ प्रतींच्या मागे फिरले. शाळा, वाचनालय, दंतवैद्य, दोन दवाखाने. प्रत्येक प्रतीच्या शेवटच्या पानावर नावाची आणि पत्त्याची पट्टी चिकटवली. हाताने. एकोणचाळीस सापडल्या. बाकीच्या कुणाच्या तरी घरी आहेत. त्यांच्यासाठी पट्ट्या शाळेच्या कार्यालयात ठेवल्या आहेत. मुलाला काकांनी स्वतः फोन करून सांगितलं, "मला कळलंय, आता नाटक बंद कर." मुलगा म्हणाला, माझ्याकडे या. काका म्हणाले, इथे दरबार आहे. खालच्या मजल्यावर यायलाही त्यांनी नकार दिला, मुलं कुठे बसतील म्हणून.

मग नवऱ्याची बदली झाली. आम्ही निघालो त्या दिवशी काका तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून हात हलवत होते. खाली उतरले नाहीत. शहाणपणाच केला. मला वाटलं होतं, रोज फोन करीन. करतेही. फोन ते लगेच उचलतात. मी विचारते, कसे आहात? ते म्हणतात, "ठीक आहे." दम लागलेला असतो, ऐकू येतं. मी विचारते, जिने चढलात का? म्हणतात, "ठीक आहे गं." स्वतःची फाइल मला वाचायला लावणारा माणूस आता मला कुठलाच रकाना दाखवत नाही, आणि इतक्या लांबून मला तो तपासता येत नाही.

म्हणून हे लिहिलं. तुमच्या घरी एखाद्या मुलाच्या दप्तरात हे पुस्तक असेल, मुखपृष्ठावर गोल शिंगांचा रेडा आहे, तर शेवटचं पान बघा. तिथे पत्ता आहे. पट्टी नसेल तर शाळेत मागा. वेळ काढून एकदा जा. तिसरा मजला, बेल दोनदा वाजवा, त्यांना उठायला वेळ लागतो. गोळ्यांचा डबा खिडकीत असतो, त्यात आजच्या वाराचा कप्पा रिकामा आहे का बघा. पाय सुजलेत का बघा. बोलता बोलता मध्ये किती थांबतात ते मोजा. आणि मला कळवा. फक्त 'ठीक आहेत' असं कळवू नका. तेवढं ते स्वतःच सांगतात.